टाका आणि ठसा : अजरखपुरातील दोन दिवस

कच्छ प्रांती जाणारी बहुतेक मंडळी हल्ली पांढरे रण पाहावयास जातात. पौर्णिमेच्या रात्री मिठाच्या त्या अफाट पटांगणावर उभे राहिले म्हणजे आकाश कोठे संपले आणि भूमी कोठे सुरू झाली हे कळेनासे होते, असे ज्यांनी ते पाहिले ते सांगतात. परंतु रणाची वर्णने वाचकांनी इतरत्र पुष्कळ वाचली असतील. आम्ही कच्छात गेलो ते कापड पाहावयास. कापड छापणे हे बहुतांशी पुरुषांचे काम आणि कापडावर टाका घालणे हे बहुतांशी बायकांचे, अशी तिकडे पिढ्यान्‌पिढ्यांची वाटणी आहे. ही दोन्ही कामे एकाच वस्त्रात आणण्याची खटपट अजरखपूर गावचा एक तरुण रंगारी गेली काही वर्षे करीत आहे, असे आमच्या एका जुन्या विद्यार्थ्याने भुजहून लिहून कळविले होते. विद्यार्थ्याचे निमंत्रण हे सेवानिवृत्त शिक्षकाचे खरे पेन्शन होय. आमच्या सौभाग्यवतींना सुईदोऱ्याचा नाद लहानपणापासून आहे. तेव्हा उभयतांनी निघण्याचे ठरविले.

वांद्रे टर्मिनसवरून सायंकाळी सुटणारी कच्छ एक्सप्रेस दुसऱ्या दिवशी सकाळी भुजास पोहोचविते. वाटेत सुरजबारीच्या खाडीवरील पूल लागतो. दोहों बाजूंस मिठागरे, आणि वाऱ्याला खारट वास. येथून पुढे झाडे खुजी होत जातात व माणसांच्या अंगावरील वस्त्रे मात्र अधिकाधिक रंगीत होतात. सृष्टीने जेथे रंग देण्यात चिक्कूपणा केला तेथे माणसाने तो आपल्या हातांनी भरून काढला आहे.

भुजाविषयी फार लिहीत नाही. राव लखपतजींच्या वेळचा, म्हणजे अठराव्या शतकातील, आईना महाल आणि १८७७ साली स्थापन झालेले कच्छ संग्रहालय ही दोन ठिकाणे आम्ही पाहिली. दरबारासाठी मोची कारागीर आरीने म्हणजे टोकाशी आकडी असलेल्या टोच्याने जे साखळी टाक्याचे भरतकाम करीत, ते पाहून सौभाग्यवती एका जागी इतका वेळ खिळून राहिल्या की आम्हांस दोनदा हाक मारावी लागली. चामड्यावर चालणारे हत्यार रेशमावर इतके हळुवार चालते, हे डोळ्यांनी पाहिल्यावाचून पटणारे नाही. येथे लक्षात ठेवावयाचे ते इतकेच की हे टाका घालणारे पुरुष होते. म्हणजे वर सांगितलेली वाटणी काही ब्रह्मदेवाने केलेली नव्हे.

अजरखपूर हे गाव भुजच्या पूर्वेस चारेक कोसांवर आहे. गाव म्हटल्यावर जी जुनी वेस, पार आणि देऊळ डोळ्यांपुढे येते त्यातले येथे काही नाही, कारण या गावाचे वय अद्याप तीस वर्षांचेही झालेले नाही. येथील खत्री मूळचे सिंधमधील. सोळाव्या शतकात राव भारमलजींनी त्यांच्या पूर्वजांस कच्छात बोलावून घेतले व त्यांनी धमडका या गावी सारण नदीच्या काठी वस्ती केली, अशी त्यांच्या घराण्यांची परंपरा सांगते. रंगाऱ्यास जमीन नसली तरी चालते, पण पाणी लागते, तेही वाहते. पुढे नदी आटली, विहिरी खोल खोल जात राहिल्या. अशात २६ जानेवारी २००१ चा भूकंप आला. धमडक्याची घरे पडली. आणि घरांपेक्षाही मोठी हानी अशी की जमिनीतील पाण्यात लोहाचा अंश वाढला. वाचकांपैकी ज्यांच्या घरी हिरड्याची शाई करीत असतील त्यांच्या ध्यानी याचा अर्थ चटकन येईल. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडले की काळे झालेच. ज्या कापडास आरंभीच हिरड्याचे पाणी द्यावयाचे असते, ते अशा पाण्यात धुतले तर मळकट होणार हे उघड आहे. म्हणून बऱ्याच कुटुंबांनी नवे पाणी शोधून नवे गाव वसविले व गावास आपल्या कापडाचेच नाव दिले. काही कुटुंबे धमडक्यासच राहिली. धंद्यावरून माणसास आडनाव मिळालेले आपण नित्य पाहतो. पण कापडाचे नाव गावास मिळाल्याचे दुसरे उदाहरण आम्हांस आठवत नाही.

अजरख या शब्दाची एक लोकव्युत्पत्ति ‘आज रख’, म्हणजे ‘आजचा दिवस राहू दे’, अशी सांगतात. व्युत्पत्ति म्हणून ती टिकणार नाही. अरबी भाषेत निळ्यास ‘अझरक’ म्हणतात, त्यापासून हा शब्द आला हे मानणे अधिक सयुक्तिक. परंतु काम पाहिल्यावर लोकव्युत्पत्तीतही मर्म आहे असे वाटू लागते, कारण येथे प्रत्येक पायरीनंतर कापड एक तरी दिवस ठेवावे लागते. पायऱ्या कोणी चौदा सांगतात, कोणी सोळा.

प्रथम कोरे कापड धुऊन त्याची खळ काढतात. मग एरंडेल, सोडाखार आणि उंटाच्या लेंड्या एकत्र कालवून त्यात ते मळतात, रात्रभर ओलेच बांधून ठेवतात, दिवसा वाळवितात, पुन्हा मळतात. (येथे सौभाग्यवतींनी पदर नाकास लावला, हे नमूद करावयास त्यांची परवानगी आहे.) मग हिरड्याचे पाणी, त्याने कापड फिकट पिवळे होते. आता ठसे. सागवानी लाकडात कोरलेला पहिला ठसा चुना आणि डिंक यांच्या लेपात बुडवून उठवितात. जेथे हा लेप बसला तेथे पुढे कोणताही रंग शिरत नाही व ती रेघ शेवटपर्यंत पांढरी राहते. दुसरा ठसा लोखंडाचा. मोडके लोखंड, गूळ आणि बेसन पाण्यात घालून दोनतीन आठवडे आंबविलेले ते पाणी चिंचोक्याच्या पिठाने घट्ट करतात. ते कापडावर टेकले की हिरड्याशी गाठ पडून तत्काळ काळी रेघ उमटते. तिसरा ठसा तुरटीचा, आणि खरी गंमत येथे आहे. तुरटीचा छाप जवळजवळ दिसतच नाही. तो कोठे पडला आहे हे छापणाराच जाणे! ज्या भागावर निळा रंग चढू द्यावयाचा नसेल तो भाग चिकणमाती व डिंक यांच्या लेपाने झाकून, वर भुसा टाकून, कापड निळीच्या कुंडात बुडवितात. बाहेर काढताना ते हिरवट असते आणि वारा लागताच पाहता पाहता निळे होते. मग पुष्कळ धुऊन शेवटी मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात सोडतात. तेव्हा जेथे तुरटी गुप्तपणे बसली होती तेथे लाल रंग उगवतो. जेथे लोखंड होते तेथील काळा पक्का होतो. पांढरे ते पांढरेच राहते. रंग कापडावर लावीत नाहीत, तर रंगास कोठे बसावयाचे त्याची जागा आधी करून ठेवतात.

आता मंजिष्ठेच्या जागी बहुत ठिकाणी अलिझरिन वापरतात. ग्रेबे आणि लीबरमन या जर्मन रसायनज्ञांनी मंजिष्ठेतील रंगद्रव्य १८६८ मध्ये प्रयोगशाळेत बनविले, तेच हे. विसाव्या शतकाच्या मध्यास तर सर्वच वनस्पतिज रंग मागे पडून बाजारी रंग आले होते. धमडक्याचे महंमद सिद्दीक खत्री यांनी १९७० नंतरच्या दशकात ही जुनी पद्धति पुन्हा उभी केली व मुलांस शिकविली. त्यांपैकी इस्माईल महंमद खत्री यांस इंग्लंडातील लेस्टर येथील डी मॉन्टफोर्ट विद्यापीठाने २००३ साली सन्मान्य डॉक्टरची पदवी दिली. अशी पदवी रंगाऱ्याच्या घरी आल्याचे पाहून आम्हां शिक्षकांस विशेष आनंद व्हावयास हवा.

या कलेचे प्राचीनत्व सांगताना काही लेखक मोहेंजोदडोच्या त्या प्रसिद्ध दाढीवाल्या पुतळ्याच्या खांद्यावरील तिपानी नक्षीकडे बोट दाखवितात आणि तोच अजरख असे म्हणतात. आम्हांस हे पटत नाही. दगडावरील नक्षीवरून कापडावरील रंगाची रीत सिद्ध होत नसते. मंजिष्ठेने रंगविलेल्या सुती कापडाचा तुकडा मोहेंजोदडो येथे सापडला आहे, एवढे सत्य पुरे आहे. तसेच कैरोजवळच्या फुस्तात येथे गुजराती छापील कापडांच्या पुष्कळ चिंध्या मिळाल्या असून त्यांचा मोठा संग्रह ऑक्सफर्डच्या ॲश्मोलियन संग्रहालयात आहे. त्यांपैकी काही मध्ययुगाच्या आरंभीच्या आहेत. म्हणजे आपले कापड समुद्रापार गेले तेव्हा आपण समुद्रपर्यटनाच्या प्रायश्चित्ताचा विचार करीत बसलो होतो!

असो. आता ज्या घरी आम्ही गेलो त्याकडे वळतो. घर एकत्र कुटुंबाचे. वडील खत्री सत्तरीच्या पुढचे, दाढी पांढरी, बोटांची नखे मात्र कायमची निळी. दोघे मुलगे, सुना, नातवंडे, आणि अंगणात वाळत घातलेले कापड ओलांडू नये म्हणून मुलांवर सतत चाललेला ओरडा. धाकटा मुलगा पस्तिशीचा. कारागिरांच्या मुलांस त्यांच्याच कलेतील रचनाशास्त्र शिकविणाऱ्या शाळा कच्छात निघाल्या आहेत. २००५ साली कलारक्षा विद्यालय निघाले, २०१४ साली मुंबईच्या सोमैया संस्थेच्या आश्रयाने सोमैया कला विद्या. अशाच एका शाळेत तो शिकून आला होता. घरातली भाषा कच्छी. आमच्याशी सर्वजण हिंदीत बोलत.

त्याने आपल्या प्रयोगांचे तुकडे एका जुन्या पत्र्याच्या पेटीतून काढून पुढे मांडले. पहिला प्रयोग सोपा. कापडावर धावदोरा घालून तो ओढावयाचा, म्हणजे कापडाच्या घट्ट चुण्या पडतात. तसेच निळीत बुडवावयाचे आणि दोरा उसवून मग त्या लाटांवर ठसा उठवावयाचा. निळ्या पाण्यावर जाळी पसरावी तसे ते दिसत होते. दुसऱ्यात आधी टाका घालून वरून ठसा मारलेला होता. दोऱ्याच्या उंचवट्यामुळे लेप कापडास नीट टेकत नाही. दोरा काढला की छापील नक्षीत बारीक तुटक रेघ कोरी राहते. शिवण गेली, पण शिवणीची सावली राहिली. हा तुकडा आम्हांस फार आवडला.

तिसरा प्रयोग मात्र खरोखर बुद्धीचा. त्याने सुती दोऱ्याच्या दोन गुंड्या केल्या. एक तुरटीच्या पाण्यात भिजवून वाळविली, दुसरी तशीच ठेवली. दिसावयास दोन्ही सारख्या. त्या दोन दोऱ्यांनी ठसा उठविलेल्या कापडावर भरतकाम करवून घेतले, आणि मग सगळे मिळून मंजिष्ठेत उकळले. तुरटीचा दोरा लाल होऊन निघाला, साधा दोरा जेमतेम गुलाबटला. म्हणजे भरतकाम करणारी स्त्री पांढऱ्यावर पांढरे शिवीत असते; तिच्या हातचे चित्र तिला स्वतःलाही भट्टीनंतरच दिसते. तुरटीच्या ठशाची जी युक्ति, तीच त्याने दोऱ्यास लावली. “ठसा आणि टाका एका कापडावर आणणे कठीण नाही, मास्तरसाहेब,” तो म्हणाला, “दोघांना एकाच भट्टीत घालणे कठीण.” आणि कठीण का, तेही त्याने दाखविले. एका तुकड्यात दोरा उकळीने आकसून कापडास सुरकुत्या पडल्या होत्या. म्हणून आता तो दोरा आधीच उकळून घेतो. दुसऱ्यात टाके तुटले होते, कारण अजरख धुताना दगडावर आपटावे लागते, आणि टाका काही धुणे सोसण्यासाठी घातलेला नसतो.

हे टाके घालणारी बाई भुजजवळच्या एका खेड्यातील. तिला सर्व ‘बेन’ म्हणत, आम्हीही तसेच म्हणू. ती सूफ नावाचे भरतकाम करते. १९७१ च्या युद्धानंतर थरपारकरमधून जी सोढा, मेघवाळ इत्यादि कुटुंबे कच्छात आली त्यांच्या घरची ही विद्या. यात कापडावर काहीही आखीत नाहीत. कापडाची पाठ वर धरून ताणेबाणे मोजीत जावयाचे. समोरच्या बाजूस त्रिकोणांचे मोर, पानांच्या वेली आपोआप उभ्या राहतात. मनात चित्र आणि बोटात गणित. शाळेत आम्ही पस्तीस वर्षे भूमिति शिकविली, परंतु पाठीकडून आकृति काढणारा विद्यार्थी आम्हांस मिळाला नाही.

अजरखपुरातच हस्तकलांचे एक मोठे संग्रहालय व शिक्षणकेंद्र २०१६ साली उघडले आहे. त्यामागे सृजन ही संस्था आहे. १९६९ च्या दुष्काळात चंदाबेन श्रॉफ मदतकार्यासाठी मुंबईहून कच्छात आल्या. धाणेटी गावच्या बायकांनी फुकटचे अन्न घेण्यापेक्षा काम मागितले, आणि चंदाबेननी त्यांच्याकडून साड्यांवर भरतकाम करवून घेऊन त्या मुंबईस विकल्या. त्यातून ही संस्था वाढली. तेथील दालनांत प्रत्येक जमातीचे टाके वेगवेगळे मांडलेले आहेत: अहिरांचे गोलाईचे, रबाऱ्यांचे आरशांचे, सूफ, खारेक, पक्को. दोन तासांत पाहून होईल अशी आमची कल्पना होती. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावे लागले.

परंतु टाक्याची बाजू नुसती सौंदर्याची आहे असे कोणी समजू नये. हे भरतकाम मुलीच्या आंदणाचे असे. ढेबरिया रबारी समाजात हे आंदण पुरे झाल्याखेरीज मुलगी नांदावयास जात नसे. आंदणाचे प्रमाण वाढत गेले, मुलींची वये वाढत गेली. अखेर १९९५ साली जमातीच्या पंचांनी स्वतःच्या वापराच्या भरतकामासच बंदी घातली. शेकडो वर्षांची कला एका ठरावाने घराबाहेर! कलाप्रेमी मंडळींनी हळहळावे हे योग्यच. पण ज्या घरात तिशीची मुलगी सुई घेऊन बसलेली होती त्या घराने काय करावयाचे होते? हुंड्याचे नाव दुसरे ठेवले म्हणून त्याचा भार कमी होत नाही, हे आपल्या समाजास तरी निराळे सांगावयास नको. बंदीनंतर रबारी स्त्रियांनी बाजारातील तयार फिती आणि गोट कापडावर शिवून नवीनच नक्षी काढली. तीही आता पसंत पडू लागली आहे.

अजरखपूरच्या त्या घरी मात्र वाद निराळा होता. वडील खत्रींस मुलाचे प्रयोग मान्य नव्हते. ते रागावत नसत. पण पेटी उघडली की उठून जात. आम्ही त्यांच्याजवळ बसून, शिक्षकाच्या खोडीप्रमाणे, जुन्या आधारांनी मुलाची बाजू मांडून पाहिली. बाणभट्टाच्या हर्षचरितात चौथ्या उच्छ्वासात राज्यश्रीच्या विवाहाची धांदल वर्णिली आहे. तेथे नगरातील वृद्ध पुरंध्री रंगवावयाची वस्त्रे गाठी मारमारून बांधीत आहेत, आणि त्याच मांडवात वस्त्रांवर पल्लवांची नक्षी उठविणेही चालले आहे. हे ठशांचेच काम असे विद्वान मानतात. म्हणजे बांधणी आणि छपाई सातव्या शतकात एकाच अंगणात होत्या. लखनौच्या चिकणकामात तर आधी ठशाने नक्षी छापतात, तिच्यावर टाका घालतात आणि मग छाप धुऊन टाकतात. आमचे नामदेवराय महाराष्ट्रात शिंपी. पण राजस्थानात व पंजाबात गेले तर तेथील छिपे, म्हणजे कापड छापणारे, त्यांस आपल्या ज्ञातीचे मानतात. गुरु ग्रंथसाहेबात त्यांची एकसष्ट पदे आहेत, आणि त्यांतील एकात रंगविणे व शिवणे ही दोन्ही कामे बरोबरीने आली आहेत. ज्या घुमान गावी त्यांचे स्मरण राखले आहे तेथे २०१५ साली आपले साहित्यसंमेलनही भरले होते.

म्हाताऱ्यांनी हे सर्व आदराने ऐकून घेतले. बाणभट्टाचा त्यांच्यावर काहीएक परिणाम झाला नाही. मग त्यांनी आतून एक जुने अजरख आणविले, उलगडले, उलटले आणि विचारले, “मास्तरसाहेब, यातली सुलट बाजू कोणती?” आम्हांस सांगता येईना. ते दोन्ही बाजूंनी छापलेले होते. ठशावर ठसा रेघेस रेघ मिळवून. “मालधारी माणूस पहाटे अंधारात उठतो, गुरांमागे जातो. हाती येईल तसे हे खांद्यावर टाकतो. त्यास उलटे नाही. पोराच्या कापडास पाठ आहे. पाठ असलेल्या कापडास मी अजरख कसे म्हणू?”

यावर आम्हांपाशी उत्तर नव्हते. जुन्या माणसाचा हट्ट म्हणून जे आम्ही धरून चाललो होतो तो एक शुद्ध शास्त्रार्थ निघाला. मुलगाही गप्प होता. कारण सूफचा टाका समोर लांब आणि पाठीमागे जेमतेम ठिपका, हे त्यास आमच्याहून अधिक ठाऊक.

सौभाग्यवतींचे माहेर धारवाडचे. तिकडे इरकली लुगड्यावर जो कशिदा काढतात त्यातील गवंती हा टाका दोन्ही बाजूंस सारखा दिसतो: धावदोरा घालीत पुढे जावयाचे आणि त्याच वाटेने परत येऊन मोकळ्या जागा भरावयाच्या. गाठ मारावयाची नाही. त्यांनी बेनच्या हातून सुई घेऊन चार बोटे भरून दाखविले. बेनने ते उलटून पाहिले आणि हसली. तिला ते सर्वस्वी नवीन नव्हते. तिच्या घरच्या जुन्या भरतातही मोजून घातलेल्या धावदोऱ्याची आखणी असते, फक्त ती किनारीपुरती. दोघींस एकमेकींची भाषा येत नव्हती. मोजताना एक ‘ऐदु, आरु’ म्हणे, दुसरी आपल्या भाषेत. टाके मात्र जुळत होते. (आमच्या घरी भरतकामाचे आकडे अद्याप कानडीतच चालतात.)

अडचण कापडाची निघाली. गिरणीचे बारीक पोत, त्यात एरंडेल आणि हिरडा प्यालेले. त्याचे धागे मोजता मोजता बेनच्या डोळ्यांस पाणी येऊ लागले. तेव्हा मुलाने कळा कापसाचे कापड काढले. हा कच्छचा जुना देशी कापूस केवळ पावसावर येतो, धागा जाड निघतो, म्हणून गिरण्यांच्या काळात मागे पडला होता. भुजजवळच्या कुकमा गावी असलेल्या खमीर संस्थेने तो पुन्हा प्रचारात आणला. त्याचे जाड पोत मोजावयास सोयीचे. त्यावर दोन्ही बाजूंनी काळ्या रेघेचा ठसा उठवून मधल्या चौकटी बेनने गवंतीने भरावयास घेतल्या, दोरा तुरटीचा.

काम चालू असता दुसरी गोष्ट निघाली, आणि आमच्या मते तीच अधिक अवघड आहे. बेन म्हणाली, या कापडावर खत्रींच्या घराचे नाव जाईल, माझे कोठे? मोबदला तिला तुकड्यावर मिळे, आणि तो वेळेवर मिळे, हे तिनेच सांगितले. प्रश्न नावाचा होता. मुलगा म्हणाला, दोन नावे घालू. थोरला भाऊ म्हणाला, गिऱ्हाईक एका नावाने ओळखते. त्यात बाजाराची चिंता होती, आणि ती खोटी नव्हती. गिरण्या अजरखाची नक्षी यंत्रावर छापून अत्यल्प भावात विकतात. दुकानात ती कापडेही ‘अजरख’ म्हणूनच मांडलेली असतात. अशा स्थितीत घराण्याचे नाव हेच या लोकांचे एकमेव भांडवल. परंतु ज्या हाताने चौकट भरली त्या हातास नाव नसावे हे आम्हांस न्याय्य वाटत नाही. आपल्या घरांतूनही किती गोधड्या, किती रुमाल, किती चोळखण निनावी हातांनी सजले! त्यांचे कोणी नाव लिहून ठेविले नाही, म्हणून आज एवढेच सांगता येते की ‘हे आजीच्या वेळचे’.

आम्ही हे स्पष्ट बोलून दाखविले. थोरला भाऊ काही बोलला नाही. घरातील सून, जी इतका वेळ दाराआड उभी होती, तिने मात्र पुढे येऊन बेनच्या पेल्यात पुन्हा चहा ओतला.

निघण्याच्या दिवशी सकाळी भट्टी लागली. तांब्याच्या मोठ्या भांड्यात पाणी उकळत होते. मुलाने वीतभर लांबीचा तो तुकडा सोडला आणि काठीने वरखाली करू लागला. बेन पायऱ्यांवर बसून पाहत होती. बाहेर काढल्यावर धुऊन तो उन्हात टाकला. काळ्या रेघांच्या चौकटींत लाल टाके उमटले होते. एका कोपऱ्यात दोरा थोडा आकसला होता, बाकी सपाट. वडील खत्री अंगणात आले, तुकडा उचलून त्यांनी या बाजूने पाहिला, त्या बाजूने पाहिला, पुन्हा उलटला. मग आकसलेल्या कोपऱ्यावर अंगठा फिरवून बेनला विचारले,

“एवढ्यास किती दिवस लागले?”

“दीड दिवस, काका.”

“आणि अंगभर उपरण्यास?”

बेनने बोटांवर मोजावयास सुरुवात केली. आमची गाडीची वेळ झाली होती. आम्ही उठलो तेव्हा ती अजून मोजीतच होती, आणि म्हातारे तो तुकडा हातात घेऊन उभे होते.